चार आणि सात वर्षांच्या मुलींसाठी निसर्गाविषयीचं कोणतं मासिक लावावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ठाण्यात फ्लॅटमध्ये राहता, मुली चार आणि सात वर्षांच्या, निसर्गाविषयीचं एखादं मासिक वर्षभर लावायचंय. मुलींची आत्या अमेरिकेत आहे, ती म्हणतेय 'नॅशनल जिओग्राफिक किड्स' नाहीतर 'रेंजर रिक' माझ्याकडून भेट. तर मराठी घ्यावं की इंग्रजी, आणि नेमकं कोणतं?

आमच्या सोसायटीचं बालवाचनालय मी सांभाळते. कोणता अंक मुलांच्या हातात फाटेपर्यंत फिरतो आणि कोणता कपाटात कोरा राहतो, हे रोजच दिसतं. त्यावरून सांगते. मुख्य मासिक मराठी लावा, आत्याला 'रेंजर रिक ज्युनिअर' पाठवू द्या, आणि सवलत दिसली म्हणून तीन वर्षांची वर्गणी एकदम भरू नका.

आधी आत्याचं. 'रेंजर रिक' अमेरिकेतल्या नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनचं, १९६७ पासून चालू आहे. रिक म्हणजे त्यातला रकून, डोळ्यांवर काळा मुखवटा असल्यासारखा दिसणारा अमेरिकेतला प्राणी. वयाप्रमाणे त्याच्या आवृत्त्या आहेत. 'ज्युनिअर' चार ते सात वर्षांसाठी, म्हणजे तुमच्या दोघी त्यात बसतात. जाहिराती नसतात, हे मला फार मोलाचं वाटतं. 'नॅशनल जिओग्राफिक किड्स' १९७५ मध्ये 'वर्ल्ड' नावाने निघालं. फोटोंना तोड नाही, पण त्यात जाहिराती असतात आणि त्याचा खरा वाचक आठ-दहा वर्षांचा. 'जगातला सर्वात विषारी अमुक' असं जेवताना ऐकवून घरच्यांचं डोकं खाणारा! धाकट्यांसाठी त्यांचंच 'लिटिल किड्स' वेगळं आहे. भारतात पाठवायचा टपालखर्च मात्र आत्याला आधी विचारायला सांगा, कधी कधी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतं प्रकरण.

पण परदेशी मासिक एकटंच का नको, ते ऐका. त्यांच्या ऑक्टोबरच्या अंकात लाल-पिवळी पानगळ असते आणि जानेवारीत बर्फातले पायांचे ठसे. आपल्याकडे ऑक्टोबरात ठाण्याशेजारचं येऊरचं रान अजून हिरवं असतं, फुलपाखरांची चंगळ असते. आपली पानं गळतात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, आणि पांगारा, सावर, पळस फुलतात तेही त्याच दिवसांत. मासिक हातात आणि खिडकीबाहेर दुसरंच काहीतरी, असं वर्षभर चाललं की मुलांना निसर्ग म्हणजे टीव्हीतली गोष्ट वाटायला लागते. आमच्याकडे पेंग्विन ओळखणारी पोरं ढीगभर आहेत, भारद्वाज दाखवला की म्हणतात, 'कावळा, पण तपकिरी.'

आणि ठाण्यात राहून दूर कशाला जायचं? तुमच्या खाडीत हिवाळ्याच्या तोंडाशी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात आणि पावसाळा आला की निघून जातात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. थव्यात काही राखाडी दिसतात ते 'वेगळे पक्षी' नसतात, वयाने लहान असतात. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन त्यांना गुलाबी रंग चढतो. हे एका पानात नीट सांगणारा अंक मिळाला, तर त्या रविवारी मुली तुम्हाला घरी बसू देणार नाहीत.

लहानांच्या मासिकाकडून माझी अपेक्षा एवढीच असते. पान मिटल्यावर मूल उठून बघायला गेलं पाहिजे. एकदा वाचनालयात कढीपत्त्यावरच्या अळीचं एक पान मी मोठ्याने वाचून दाखवलं. कॉमन मॉरमॉन नावाचं काळं फुलपाखरू कढीपत्त्याच्या नाहीतर लिंबाच्या पानांवर अंडी घालतं. अळी लहान असते तेव्हा हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. 'ही शी आहे की अळी?' या एका प्रश्नावर चार वर्षांची पोरं किती वेळ हसू शकतात, ते मला त्या दिवशी कळलं. मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेल्या शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पान संपायच्या आत अर्धी मुलं आपापल्या गॅलरीतल्या कुंड्या तपासायला पळाली होती, आणि एका आजींचा फोन आला की मुलं आमच्या कढीपत्त्याला आता हात लावू देत नाहीत, आमटीला काय घालू? (आपलं राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन याच अळीचं भावंड म्हणा, त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात.)

आता मराठीत काय? चार-सात वयासाठी फक्त निसर्गाला वाहिलेलं मासिक शोधत बसू नका. धाकटीसाठी पुण्याहून निघणारं 'चिकूपिकू' बघा. ते आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे, चित्रं मोठी, मजकूर मोठ्याने वाचण्यासारखा, आणि झाडं-प्राणी-पाऊस त्यात येतातच. मोठीसाठी वर्षभरात बालभारतीचं 'किशोर' सुरू करता येईल. १९७१ पासून निघतंय, अंक खिशाला परवडतो, आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. आज रात्रीच दोन-तीन चाळून बघा, मुलीला झेपतंय का ते लगेच कळेल. इंग्रजीत आपल्याच देशातलं हवं तर 'सँक्च्युअरी' या वन्यजीवांवरच्या नियतकालिकवाल्यांचं मुलांसाठीचं 'कब' आहे, १९८४ पासूनचं. वाघ, गवे, प्रवाळ सगळं आपलं, पण मोठीलासुद्धा अजून एक-दोन वर्षं थांबू दे. बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) 'हॉर्नबिल' आणि पुण्याचं 'सृष्टिज्ञान' (१९२८ पासून चालू, बघा!) ही तुमच्यासाठी. मुलांनी विचारलेल्याला उत्तर द्यायला आईबापांनाही काहीतरी वाचावं लागतंच.

कोणतंही निवडा, आधी एक सुटा अंक मागवा आणि मुलींना न दाखवता तुम्ही तपासा. मी पहिल्यांदा फोटोंखालचा मजकूर वाचते. एका अंकात 'ये रे ये रे पावसा' थाटाच्या कवितेशेजारी लाल डोळ्यांचा, निळ्या कुशीचा बेडूक छापला होता. दिसायला झकास, पण तो मध्य अमेरिकेतला! आपल्याकडे पहिल्या पावसात डबक्यात हळदीसारखे पिवळेधमक झालेले नर बेडूक ओरडत असतात, त्यांचा फोटो मिळाला नसता का? नुसतं 'बेडूक', 'पक्षी', 'फूल' एवढंच लिहिलं असेल, कोणता आणि कुठला हे नसेल, तर संपादकाने फोटो फुकटात कुठून तरी उचललाय असं खुशाल समजा. ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच बर्फावर उभे असतील तर अंक तिथेच मिटा. एक उत्तरेचा, दुसरा दक्षिणेचा. श्रावणाचा अंक हाताशी असेल तर नागपंचमीचं पान काढा. नाग दूध पीत नाही, हे तिथे सरळ लिहिलंय की दुधाच्या वाटीचं चित्र काढून ठेवलंय, यावरून त्या मासिकाचं पाणी कळतं.

दुसरं म्हणजे भीती. 'पृथ्वी मरते आहे', 'शेवटचा वाघ', प्लॅस्टिक खाल्लेलं कासव, असलं चार वर्षांच्या मुलीला कशाला? अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल १९९६ पासून हेच सांगत आलेत की चौथीच्या आतल्या मुलांपुढे पर्यावरणाची संकटं मांडू नका, आधी त्यांना बाहेर खेळू द्या, जवळीक होऊ द्या. मला ते शंभर टक्के पटतं. वाचवायचं बिचवायचं पुढे आहेच; आधी खारीशी ओळख तर होऊ दे.

अंकासोबत खेळणं फुकट असेल तर मी तो अंक नाकारते. मुलं खेळणं काढून घेतात आणि अंक तसाच पडतो. उलट मुलांनी पाठवलेली चित्रं, 'आमच्या खिडकीत बुलबुलाने घरटं केलं' अशी पत्रं छापणारं मासिक दिसलं तर बाकीच्या दोन चुका माफ.

पैसे खर्चायच्या आधी दोन फुकट गोष्टीही वापरून बघा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीत प्राण्यापक्ष्यांच्या भरपूर चित्रगोष्टी आहेत, आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या 'अर्ली बर्ड' उपक्रमाची पक्ष्यांची तक्ते-चित्रं उतरवून घेता येतात. एक तक्ता फ्रीजवर लावा, मासिक येईपर्यंत तेवढंही पुरतं.

राहिलं टपाल. साध्या टपालाने येणारे अंक हरवतात, पावसाळ्यात पेटीतच भिजतात. वर्गणी भरतानाच विचारून घ्या की अंक आला नाही तर किती दिवसांत कळवायचं आणि दुसरा पाठवतात का. आणि वर्गणी तुमच्या नावाने भरू नका. मराठी धाकटीच्या नावाने, आत्याचं मोठीच्या नावाने. पाकिटावर कोणाचं नाव, यावरून भांडणं होतील, ती होऊ द्या.