गुरं हलवताना गुंडाळीचा पट्टा लावावा का?

प्रश्न असा आहे: "आमच्याकडे दहा-बारा जनावरं आहेत. एका गोठ्यातून दुसऱ्यात नेताना आणि गाडीत चढवताना फार पळापळ होते. भिंतीला डबी बसवून ओढून घ्यायचा तो स्प्रिंगचा पट्टा घ्यावा का? किती लांबीचा घ्यावा? एकट्या माणसाला जमेल का?"

घ्या. पण काठी हातात असल्याशिवाय गोठ्यात पाऊल न टाकणारा कुणी तुमच्या घरात असेल, तर आधी त्याची काहीतरी सोय लावा. मी गंमत करत नाहीये. आमच्याकडे असा माणूस आहे, तो माझा थोरला भाऊ आहे आणि या पट्ट्यावरून आमचं चार वर्षं चालू आहे.

झालं असं. सात म्हशी आणि चार गाई जुन्या गोठ्यातून नव्या गोठ्यात न्यायच्या होत्या. अंतर साठ-सत्तर पावलं. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला मात्र रस्त्याकडे जाणारी मोठी मोकळी फट. आजवरची पद्धत म्हणजे प्रत्येकीला दावं लावायचं, एकाने पुढून ओढायचं, दुसऱ्याने मागून ढकलायचं, आणि अर्धा दिवस घामाघूम व्हायचं. मी म्हटलं, त्या फटीवर पट्टा ओढू, दोन माणसांत तासाभराचं काम आहे. दादाने पट्टा हातात घेतला, ओढून पाहिला, सोडला, तो सुर्रकन आत गेला. म्हणाला, "या फितीला म्हैस ऐकणार? ती काय बँकेच्या रांगेत उभी आहे का?"

आता कबूल करतो, वाक्य चांगलं होतं. वहिनीसुद्धा हसली.

मी आपली तयारी केली. दोन दिवस आधी गोठ्यातच गव्हाणीसमोर पट्टा ताणून ठेवला, म्हणजे गुरांना तो सवयीचा होईल. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी एका कालवडीने हुंगला, एका म्हशीने चाटला, मग सगळ्यांनी नाद सोडला. हेच हवं असतं. नवी वस्तू जनावराला पळताना पहिल्यांदा दिसता कामा नये.

त्या सकाळी पहिली चार जनावरं इतकी सरळ गेली की मलाच खरं वाटेना. पट्ट्यापाशी आली, मान वळवून पाहिलं, पुढे चालू लागली. पाचवी आमची सगळ्यात जुनी म्हैस. बाकीच्या तिच्या मागे चालतात, ती कुणाच्याच मागे चालत नाही. वाटेत मोरीवर लोखंडी जाळी आहे. सकाळचं ऊन तिच्यावर तिरपं पडलं होतं आणि खाली पाणी चमकत होतं. म्हैस थांबली. मान खाली घातली, नाक जाळीच्या वितभर वर आणलं आणि फुस्स केलं. मी जागेवरून हललो नाही. एक कान जाळीकडे, एक कान माझ्याकडे. माझ्या अंदाजाने अजून अर्धं मिनिट दिलं असतं तर तिने पाय टाकला असता.

ते अर्धं मिनिट मिळालं नाही. मागून "हाट्!" आणि पाठोपाठ पुठ्ठ्यावर काठी.

पुढे जाळी, मागे काठी, डावीकडे भिंत. उरलं काय? तिने खांदा पट्ट्यावर टाकला. पलीकडचा हुक निसटला, पट्टा जीव खाऊन डबीकडे परत आला आणि जाता जाता हुकाने माझ्या मनगटाच्या वर असा फटका दिला की हात पंधरा दिवस काळानिळा होता. त्या सुर्र-खाट् आवाजाने मागच्या सहाही उधळल्या. दोन रस्त्यावर, एक विहिरीच्या बाजूला, तिघी दुसऱ्याच्या उभ्या वैरणीत. शेवटची संध्याकाळी दिवे लागल्यावर सापडली. तो हुक दादाने जपून ठेवलाय. घरात चार माणसं जमली की खिशातून काढल्यासारखं करतो आणि म्हणतो, "हे आमच्या धाकट्याचं विज्ञान."

म्हणून हे उत्तर लांबतंय, माफ करा.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: पट्टा म्हणजे भिंत नव्हे. जनावराला तो तोडता येतो, आणि ते त्याला कळू द्यायचं नसतं. शांत जनावर पट्टा पाहून वळतं. बुजलेलं जनावर पट्टा, फाटक, माणूस काहीच पाहत नाही. त्यामुळे पट्टा चालला की नाही हे गुरं तिथवर कशी आली यावर ठरतं, आणि कशी आणायची ते हाकणाऱ्याच्या हातात असतं.

गाईम्हशींचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता गाईला ३०० अंशांहून जास्त दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसतो तो समोरचा थोडासाच भाग. खोली कळते ती तिथे, तीही मान खाली घालून निरखलं तर. म्हणून सावली, जाळी, डबकं दिसलं की ती थांबते आणि मान खाली घालते. तो हट्ट नसतो, खड्डा आहे की रेघ हे ती बघत असते. आणि बरोबर शेपटीमागे तिला काहीच दिसत नाही. दादा नेमका तिथे उभा राहतो. न दिसणाऱ्या जागेतून ओरडा आणि काठी आली तर तुम्ही तरी काय कराल? शिवाय माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गाईला साधारण ३५पर्यंतचा. आपल्याला जो नुसता पत्र्याचा किंवा स्प्रिंगचा करकराट वाटतो, तो तिच्या कानात घुसतो.

टेंपल ग्रँडिन या अमेरिकन प्राध्यापिकेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या स्वतः ऑटिस्टिक आहेत. गुरं ज्या बोळातून हाकतात त्यात उतरून, गुरांच्या नजरेच्या उंचीवरून त्या पाहायच्या की नक्की कशाला अडतंय. कधी कुंपणावर टाकलेला कोट, कधी लोंबणारी साखळी, कधी जमिनीवरचा उन्हाचा पट्टा. मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, मग तू पण रांग जाळीवरून. मी खरंच वाकून पाहिलं. गुडघ्यांवर बसून त्या उंचीवरून बघा, मोरीचं पाणी जाळीतून असं लखलखतं की मलाही पाय टाकावासा वाटेना.

उभं कुठे राहायचं ते एकदा अंगात भिनलं की पट्ट्याचं निम्मं काम तुम्हीच करता. जनावराचा खांदा हा काटा समजा. तुम्ही खांद्याच्या मागे, जरा बाजूला, त्याला दिसाल असे उभे राहिलात तर ते पुढे सरकतं. खांद्याच्या पुढे गेलात तर ते थबकतं नाहीतर मागे फिरतं. पुढे सरकलं की तुम्ही एक पाऊल मागे घ्यायचं, म्हणजे त्यालाही कळतं की ऐकलं की त्रास थांबतो. आमच्याकडे जनावर चालू लागलं तरी मागून "हाट्" चालूच असतं. मग त्याने चालावं तरी कशासाठी?

आता पट्ट्याविषयी, कारण प्रश्न त्याचा होता. लाल रंगाच्या नादी लागू नका. गुरांना लाल आपल्यासारखा उठून दिसत नाही. काळा-पांढरा किंवा काळा-पिवळा असा ठळक फरक असलेला घ्या. उंची मोठ्या जनावराच्या छातीएवढी. वासरं असतील तर खाली दुसरा पट्टा लागतोच, नाहीतर ती खालून निघून जातात आणि मागोमाग आई तुमचा वरचा पट्टा घेऊन जाते. ताणून लावा. सैल पट्टा वाऱ्यावर फडफडतो, आणि फडफडणाऱ्या गोष्टीला गुरं जितकी बुजतात तितकी वाघालाही बुजत नसतील. वारा असेल तर पट्ट्याला मध्ये एक-दोन पीळ द्या, फडफड बरीच कमी होते. आणि हुक काढला की तो हातात धरून डबीपर्यंत चालत न्या. सोडू नका. कधीच. शेणाने माखलेला, ओला पट्टा तसाच आत गुंडाळला तर डबी जाम होते, म्हणून आधी पुसा.

शेळ्यांना हे नको. शेळी पट्ट्याकडे आव्हान म्हणून बघते. डुकरांना तर अजिबात नको. डुकराला ज्याच्या पलीकडचं दिसतं ते अडवणारं वाटतच नाही, खालून नाक घालून उचकटतं. त्याला आरपार न दिसणारी फळीच हवी. वीज सोडलेली फीत हा वेगळा प्रकार आहे. तिच्यात साधारण सेकंदाला एक झटका येतो, आणि ती चराईचे तुकडे पाडायला उत्तम, पण घाईघाईत हाकायच्या वाटेत नको. गर्दीत मागून रेटा आला की पुढच्या जनावराला झटका खाऊन मागे सरायला जागाच नसते.

आमच्या दादाचा आवडता उपाय काटेरी तार. जोसेफ ग्लिडन या अमेरिकन शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट १८७४ साली घेतलं ते मोकळी कुरणं बांधायला. ती जागेवर कायम उभी राहायची वस्तू आहे. वाटेत आडवी ताणून गुरं हाकली की कास फाटते. आमच्याकडे फाटली आहे. टाके घालताना म्हैस कुणी धरली होती ते मी इथे लिहीत नाही.

गाडीत चढवायला मात्र पट्टा वापरू नका. हे ठळक करून वाचा. चढावावर जनावराचा पाय घसरतो, ते घाबरतं, बाजूला रेटतं. तिथे दोन्ही बाजूंना घट्ट, शक्यतो आरपार न दिसणाऱ्या फळ्याच हव्यात, आणि पायाखाली न घसरणारं काहीतरी. पट्टा फार तर चढावापर्यंतच्या वाटेला लावा. सांड असेल, नुकतीच व्यालेली मारकी म्हैस असेल, तिथेही पट्ट्याच्या भरवशावर उभं राहू नका. एकट्या माणसाला रोजच्या सवयीच्या वाटेवर जमतं. नव्या जागी, अकरा जनावरांना, नाही.

आणि एक गोष्ट, जी घरात मी अजून पुरती कबूल केलेली नाही. त्या दिवशी पलीकडचा हुक मी पाण्याच्या पाइपच्या क्लॅम्पला अडकवला होता. खांब पुरायचा राहिला होता. म्हशीने पट्टा तोडला नव्हता, क्लॅम्प भिंतीतून उपटला होता. पट्टा आजही तोच आहे, कुठे धागासुद्धा निघालेला नाही. म्हणजे काठी नसती तरी पुढेमागे हे झालंच असतं का? असेल. पण त्या दिवशी झालं ते काठीमुळे.

दुसऱ्या दिवशी मी मोरीच्या जाळीवर पोतं पसरून वर माती टाकली. तीच जुनी म्हैस, तीच वाट, कुणी हाकलं नाही, फटीवर पट्टा नव्हता. मान हलवत सरळ नव्या गोठ्यात गेली आणि मागोमाग बाकीच्या. दादा कट्ट्यावर चहा पीत बसला होता. म्हणाला, "मग पट्टा कशाला आणला होतास?"

यावर मला अजून चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

हां, लांबी राहिली. फट मोजा आणि तिच्यापेक्षा निदान हातभर जास्त घ्या, पट्टा शेवटपर्यंत ओढावा लागला तर स्प्रिंगवर ताण येतो. पाच-सहा मीटरच्या पुढची फट असेल तर एकच लांब पट्टा मध्ये झोळ खातो, त्यापेक्षा मध्ये खांब रोवून दोन आखूड घ्या. खांब. क्लॅम्प नव्हे.