पिंक टो टॅरंटुला या कोळ्याच्या डब्यात रोज पाणी फवारतो, तरी तो खात नाही आणि सतत झाकणाजवळ बसतो. काय चुकतंय?

आधी रोजची फवारणी थांबवा. तुम्ही लिहिलंय की पिल्लू बोटाच्या दोन पेरांएवढं आहे, डबा बंद झाकणाचा आहे, वर चार-पाच बारीक भोकं आहेत, आणि 'आर्द्रता ८० टक्के ठेवा' असं कुठेतरी वाचून तुम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी मारता. न खाण्याचं मला फारसं वाटत नाही. काळजी वाटते ती त्या कोंदट डब्याची.

ॲव्हिक्युलेरिया म्हणजे पिंक टो हे मूळचे दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलातले. त्यामुळे लोकांच्या मनात 'जंगल म्हणजे ओलावा' एवढंच बसतं. पण हा कोळी जमिनीवर नाही, झाडावर राहतो. तिथे पाऊस पडतो आणि वाराही सतत खेळता असतो. टॅरंटुलाच्या पोटाच्या खालच्या बाजूला फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, आत वहीच्या पानांसारखे पातळ पापुद्रे असतात आणि हवा त्यांच्यामधून आपसूक ये-जा करते. आपल्यासारखा छाती फुगवून श्वास घेणं त्याला जमत नाही. साचलेली, दमट, बुरशी धरलेली हवा या जातींना सोसत नाही. काल धडधाकट दिसणारं पिल्लू आज मेलेलं सापडलं, अशा पिंक टोच्या तक्रारी पाळणाऱ्यांमध्ये इतक्या जुन्या आहेत की त्याला एक वेगळं नावच पडलं होतं. बहुतेक अनुभवी लोक आज त्याचा दोष कोंदट डब्याला देतात, आणि माझंही तेच मत आहे.

म्हणून डब्याच्या एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर भोकांच्या ओळी पाडा. आतली ऊबदार हवा वरून बाहेर जाते आणि खालून ताजी आत येते. भोक कोळ्याच्या डोके-छातीच्या कवचापेक्षा लहान हवं. पोट दबतं, कवच दबत नाही. ते जिथून निघालं तिथून अख्खा कोळी निघाला म्हणून समजा. झाकणाला धातूची जाळी लावू नका, पायांच्या नख्या तिच्यात अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय तुटतो.

पाण्यासाठी बाटलीच्या झाकणाएवढी उथळ वाटी कायम भरलेली ठेवा. आठवड्यातून एकदा-दोनदा डब्याच्या एकाच बाजूला, जाळ्यावर चार थेंब पडतील इतपत फवारा. पिल्लं ते थेंब पितात. कोळ्याच्या अंगावर फवारू नका. पुढच्या फवारणीआधी ती बाजू कोरडी झालेली दिसली पाहिजे. आर्द्रतामापकाच्या आकड्यामागे लागू नका. खाली नारळाच्या भुशाचा दोन-तीन बोटं जाड थर पुरे, हाताला जेमतेम ओलसर लागेल असा.

आता झाकणाजवळ बसण्याबद्दल. हवेसाठी तो भोकांपाशी गेला असेलही, पण झाडावरचे कोळी मुळात उंचच घर करतात. जाळं झाकणाला बांधलेलं असेल तर झाकण उघडताना प्रत्येक वेळी त्याचं घर फाटतं. म्हणून पुढून दार उघडणारा, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेला डबा घ्या. पूर्ण वाढलेल्या पिंक टोला २० बाय २० बाय ३० सेंटिमीटर छान पुरतं. पिल्लाला इतका मोठा नको, त्यात त्याला भक्ष्यच सापडत नाही. कॉर्कच्या सालीचा तुकडा भिंतीला तिरका टेकवा आणि वरच्या टोकाशी प्लास्टिकची पानं अडकवा. जाळ्याची नळी बांधायला त्याला असे आधार लागतात. नुसत्या काचेच्या उघड्या डब्यात हा प्राणी कोपऱ्यात आखडून बसतो आणि लोकांना वाटतं आजारी आहे.

खात नाही याचं सगळ्यात साधं कारण कात हे असतं. पोट टम्म फुगलंय का, अंगाचा रंग मळकट झालाय का, जाळ्याचं तोंड त्याने बंद केलंय का, ते बघा. तसं असेल तर आतला रातकिडा लगेच काढा. कात टाकताना कोळी मऊ आणि असहाय असतो, अशा वेळी रातकिडाच त्याला कुरतडतो. पाठीवर उलटा पडलेला दिसला तर हात लावू नका, टॅरंटुला तसाच कात टाकतो. कातीनंतर सुळे पांढरे असतात, मग लालसर होतात, मग काळे. काळे झाल्याशिवाय खायला घालू नका. पिल्लाला त्यासाठी साधारण आठवडा लागतो, मोठ्याला त्याहून जास्त. एरवी पिल्लाला चार-पाच दिवसांनी आणि मोठ्याला आठ-दहा दिवसांनी, त्याच्या पोटापेक्षा लहान असा एक किडा पुरतो. बाहेर पकडलेले किडे घालू नका, त्यांच्या अंगात कीटकनाशक असू शकतं. त्याच कारणाने त्या खोलीत डासांचा किंवा झुरळांचा फवाराही मारू नका.

खरी धोक्याची खूण वेगळी आहे. पोट सुरकुतलेलं आणि पाय अंगाखाली मुडपलेले. कोळी पाय पसरतो तो मुख्यतः शरीरातल्या द्रवाच्या दाबाने, त्यामुळे अंगातलं पाणी घटलं की पाय आत वळतात. अशा वेळी ओल्या कागदाच्या बंद, गरम डब्यात ठेवायचा जुना उपाय करू नका. त्याचं तोंड पाण्याला टेकेल असं त्याला उथळ वाटीच्या काठावर ठेवा. पोट पाण्याबाहेर राहिलं पाहिजे, कारण फुप्फुसांची तोंडं तिथे आहेत.

उष्णतेसाठी दिवा किंवा तापणारा दगड नको. तुम्हाला अंगात साधा शर्ट घालून बरं वाटतं ते तापमान, म्हणजे २२ ते २८ अंश, त्यालाही चालतं. काचेवर थेट ऊन मात्र पडू देऊ नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढचा कोळी पोसिलोथेरिया घ्यावा का. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, निदान आत्ता तरी. भारत आणि श्रीलंकेतले हे कोळी विजेसारखे पळतात आणि त्यांच्या चाव्याने स्नायूंत येणारे पेटके कित्येक दिवस टिकू शकतात. शिवाय निळा पोसिलोथेरिया मेटॅलिका अतिसंकटग्रस्त आहे, आणि २०१९ मध्ये पोसिलोथेरियाच्या सगळ्याच जाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये घेतल्या गेल्या. जंगलातून उचललेला कोळी कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पिंक टोलाही हातावर घेऊ नका. तो उडी मारतो, आणि उंचावरून पडून पोट फुटलं तर तो बहुधा वाचत नाही.

डबा बदलला की आठवडाभर त्याला एकटं सोडा, खायला घालायची घाई करू नका. त्यानंतरही खात नसेल तर पोटाचा आकार नीट दिसेल असा बाजूने काढलेला फोटो इथे टाका, कात जवळ आलीय की दुसरं काही आहे ते त्यावरून सांगता येईल.