वाचकांचे प्रश्न : थांबलेला रोलर कोस्टर, सैल वाटणारा बार आणि नव्या राइडची घाई

चढावर अर्ध्यातच गाडी थांबली आणि वीस मिनिटं तशीच राहिली. असं झालं म्हणजे राइड धोकादायक आहे असं समजायचं का?

उलट समजा. चढावर थांबलेली गाडी म्हणजे यंत्रणेने आपलं काम केलं.

रोलर कोस्टरचा मार्ग तुकड्यांमध्ये विभागलेला असतो. या तुकड्याला ब्लॉक म्हणतात आणि नियम एकच : एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी थांबवता येईल अशी जागा लागते. ती कधी चढाची साखळी असते, कधी मधले ब्रेक, कधी शेवटचे ब्रेक, तर कधी स्टेशन. रुळालगतचे सेन्सर गाडी कुठे आहे ते संगणकाला कळवत राहतात. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याची खात्री पटली नाही, तर संगणक मागची गाडी अडवून धरतो. पुढच्या गाडीत एखाद्याने चप्पल शोधण्यात दोन मिनिटं घालवली, तरी मागची गाडी चढावर थांबू शकते. कारण इतकं किरकोळही असतं.

थांबलेली गाडी मागे घसरणार नाही. चढताना ऐकू येणारी 'कट्-कट्-कट्' म्हणजे डब्याखालचा खटका रुळालगतच्या दातेरी पट्टीवरून पुढे सरकल्याचा आवाज. साखळी तुटली तरी तो खटका जवळच्या दातात अडकतो. नव्या गाड्यांमध्ये हा खटका चुंबकाने उचलून धरतात, म्हणून चढ शांत वाटतो. आवाज नाही म्हणून खटका नाही, असं समजू नका.

आता उलट बाजू, कारण या विषयातला सगळ्यात मोठा धडा तिथेच आहे. ब्रिटनमधल्या ऑल्टन टॉवर्स या पार्कमध्ये 'द स्माइलर' हा चौदा वेळा उलटा करणारा कोस्टर आहे. 2 जून 2015 रोजी तिथे सोडलेली एक रिकामी चाचणी गाडी शिखर गाठू न शकल्याने मागे येऊन दोन चढांमधल्या खोलगट भागात अडकली. वारा जोराचा होता. संगणकाने नियमाप्रमाणे 16 प्रवाशांची गाडी अडवून धरली. त्या दिवशी मार्गावर एक जादा गाडी सोडलेली होती, पण दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञांपर्यंत ही गोष्ट नीट पोचली नव्हती. मार्गावरच्या गाड्या त्यांनी मोजल्या, सगळ्या जागेवर दिसल्या. संगणकच चुकतोय असं समजून त्यांनी ब्लॉकचा इशारा बाजूला सारला आणि गाडी पुढे सोडली. ती रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. तपासात रूळ, डबे, नियंत्रण यंत्रणा यांत दोष सापडला नाही. सप्टेंबर 2016 मध्ये कंपनीला 50 लाख पौंड दंड झाला.

यंत्र 'नाही' म्हणत असताना माणसाने 'हो' म्हटलं, एवढाच त्या अपघाताचा अर्थ. म्हणून अडकलेल्या गाडीत बसलेल्यांनी कर्मचाऱ्यांना "लवकर सोडा" म्हणून ओरडू नये, हे आमचं कळकळीचं सांगणं. त्या क्षणी घाई हीच त्यांची खरी शत्रू असते.

लॅप बार (मांड्यांवर येणारा दांडा) लावल्यावर 'क्लिक' ऐकू आलं नाही. बार किती घट्ट हवा?

क्लिक न येणं हा दोष नाही. जुन्या बारमध्ये दातेरी चकती असे, त्यामुळे आवाज येई आणि बार ठरावीक टप्प्यांवरच थांबे. आताचे बहुतेक बार तेलाच्या नळकांड्यावर चालतात. आतली झडप तेल एकाच दिशेने जाऊ देते : बार खाली येतो, वर जात नाही. साधारणपणे एका बारला अशी दोन स्वतंत्र नळकांडी असतात, एक निकामी झालं तरी दुसरं धरून ठेवतं. झडप उघडायला स्टेशनातूनच वीज किंवा दाब मिळावा लागतो. म्हणजे वीज गेली तर बार सुटत नाही, बंदच राहतो.

बार पोटावर नको, मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडाला लागून हवा. आधी पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवा, मगच बार ओढा. पुढे सरकून बसलात तर बार मांडीच्या मध्यावर येतो आणि मागे पोकळी राहते. पहिल्या उतारावर तुम्ही त्या पोकळीत सरकता आणि बार एकदम सैल वाटू लागतो. खिशातला फोन, जाडजूड पाकीट, कमरेची बॅग आधीच काढा. या वस्तू बारला अडवतात आणि बार 'बसला' असा आभास होतो. कर्मचारी बार ढकलतो तेव्हा पोट आत ओढून त्याला फसवू नका. दोन सेंटीमीटरच्या आरामासाठी हा व्यवहार परवडणारा नाही.

दिवा हिरवा झाला म्हणजे सगळं ठीक, हेही पूर्ण खरं नाही. 24 मार्च 2022 रोजी अमेरिकेत ऑरलँडोच्या आयकॉन पार्कमधल्या 131 मीटर उंच फ्रीफॉल टॉवरवरून (वर नेऊन एकदम खाली सोडणाऱ्या राइडवरून) पडून एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. दोन सीटचे सेन्सर हाताने फिरवून ठेवले होते, असं तपासात निघालं. हार्नेस, म्हणजे खांद्यांवरून येऊन छातीला धरणारा बार, नेहमीपेक्षा बराच जास्त उघडा असतानाही दिवा 'सुरक्षित' दाखवत होता. मुलाचं वजन उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खूप जास्त होतं आणि सीटला जोडपट्टा नव्हता. तो सुटला ब्रेक लागताना. पडताना शरीर तरंगतं, ब्रेक लागला की सगळा भार खाली जातो आणि पायांमधली फट मोठी असेल तर शरीर त्या फटीतून निसटतं. हार्नेस आणि सीट यांना जोडणारा साधा पट्टा म्हणूनच महत्त्वाचा : त्याची लांबी ठरलेली असते आणि त्याला कुठला सेन्सर फिरवून फसवता येत नाही. पट्टा लागत नसेल तर उतरा. पुष्कळ ठिकाणी रांगेच्या तोंडाशी चाचणीची सीट ठेवलेली असते. तासभर उभं राहण्याआधी तिथेच बसून पाहा.

मुलांच्या उंचीची अट लावतात ती बार कमरेच्या हाडावर नेमका बसावा म्हणून. बुटात कागद कोंबून दोन बोटं उंची वाढवणाऱ्या पालकांनी एवढं लक्षात घ्यावं, की बार कागदाला नाही, हाडाला धरतो.

रोज सकाळी राइड तपासतात म्हणजे नेमकं काय करतात?

रुळाच्या कडेच्या पायऱ्यांवरून माणूस चालत जातो, हे पहिलं काम. नट घट्ट केल्यावर नट आणि पत्रा यांच्यावर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवतात. ती तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय. नजरेला हे लांबूनही कळतं, म्हणून ही साधी युक्ती अजून टिकून आहे.

मग चाकं. प्रत्येक जोडणीत तीन प्रकार : वरून भार घेणारी, बाजूने धरणारी आणि रुळाखालून अडवणारी. तिसऱ्या प्रकारामुळे गाडी उसळली तरी रूळ सोडत नाही. चाकावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या टणक प्लॅस्टिकचा थर असतो. सतत वेगाने फिरून तो तापतो, फुगतो, कधी मधल्या धातूपासून सुटतो. बोटाने चाचपून, चाक फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकून ते कळतं. नंतर रिकाम्या फेऱ्या सोडतात. ब्रेकची जाणूनबुजून परीक्षा घेतात : पुढचा ब्लॉक अडवून मागची गाडी खरंच थांबते का ते बघतात. नव्या राइडवर किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे बसवतात, एकेक साधारण 75 ते 80 किलोचा.

थंड सकाळी वंगण घट्ट असतं, चाकं कडक असतात आणि गाडी हळू पळते. संध्याकाळी तीच गाडी दोन-तीन सेकंद आधी पोचते. रिकामी, थंड गाडी आणि समोरून वारा असा योग आला तर ती खोलगट भागात अडकू शकते. जाणकार मंडळी शेवटच्या फेरीसाठी का थांबतात ते यावरून कळेल.

डोळ्याला न दिसणाऱ्या भेगांसाठी वर्षातून एकदा राइड उघडून तपासतात. चाकांचे आस स्वच्छ करून रंगीत द्रव लावतात, पुसतात, वर पांढरी पूड मारतात. भेग असेल तर तिच्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर बारीक रेघ होऊन उमटतो. तरीही काही निसटतं. अमेरिकेत कॅरोविंड्स पार्कमधल्या 99 मीटर उंच 'फ्युरी 325' या कोस्टरच्या एका खांबाला आरपार भेग गेली होती. गाडी गेली की खांबाचं टोक रुळापासून बाजूला सरकायचं. 30 जून 2023 रोजी हे दिसलं ते वाहनतळाकडून वर पाहणाऱ्या एका पाहुण्याला. त्याने व्हिडिओ काढून कळवलं, राइड बंद झाली, खांब बदलला आणि 10 ऑगस्टला फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. तपासनीसांनी मान खाली घालावी अशी ही गोष्ट आहे. तुम्हाला असं काही दिसलं तर फोटो काढून आधी पार्कच्या कार्यालयात द्या, जगाला नंतर दाखवा.

'किंग्डा का' हा कोस्टर पाडला. तेलाच्या दाबावर उडणारे कोस्टर संपत चालल्याचं दुःख करावं की सुटलो म्हणावं?

चाहत्यांमध्ये यावरून दोन तट आहेत आणि दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीतला 'किंग्डा का' 2005 साली सुरू झाला. उंची 139 मीटर, वेग ताशी 206 किमी, तोही साडेतीन सेकंदांत. पंप तेलाचा दाब वाढवत नायट्रोजन दाबून ठेवायचे. तो दाब एकदम सोडला की मोटारी दोर गुंडाळायचं पिंप फिरवायच्या आणि पोलादी दोर गाडीला ओढून न्यायचा. धक्का जबरदस्त, पण दोर झिजायचा, तेलाच्या तापमानानुसार जोर कमी-जास्त व्हायचा. कधी गाडी शिखर न ओलांडता मागे यायची. ते संकट नव्हतं : गाडी पुढे गेली की रुळातले चुंबकी ब्रेक वर उठतात आणि परतणाऱ्या गाडीला पकडतात. पण राइड दिवसचे दिवस बंद राहायची. फेब्रुवारी 2025 मध्ये ती स्फोटाने पाडली.

ओहायोतल्या सीडर पॉइंटचा 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' याच घराण्यातला. ऑगस्ट 2021 मध्ये त्याच्या गाडीचा धातूचा तुकडा सुटून रांगेतल्या एका महिलेला लागला आणि राइड थांबली. 2024 मध्ये तीच 'टॉप थ्रिल 2' म्हणून परतली, दोराऐवजी विद्युतचुंबकी मोटारी घेऊन. गाडी आता पुढे, मागे, पुन्हा पुढे अशी तीन वेळा ढकलली जाते. "तो एक ठोसा गेला," ही जुन्या चाहत्यांची तक्रार रास्त आहे. पण झिजणारा दोर नाही, हे आम्ही जास्त मोलाचं मानतो.

वेगाच्या आकड्यापेक्षा तो किती सेकंदांत गाठला ते पाहावं. अबू धाबीतला 'फॉर्म्युला रोसा' 240 किमी गाठायला जवळजवळ पाच सेकंद घेतो, म्हणजे सरासरी 1.4 जी (गुरुत्वाच्या 1.4 पट जोर). जपानच्या फुजी-क्यूमधला 'दो-दोदोन्पा' 180 किमी 1.56 सेकंदांत गाठायचा : 3.2 जीहून जास्त. हाडं मोडल्याच्या तक्रारी आल्यावर तो ऑगस्ट 2021 मध्ये थांबला आणि 2024 मध्ये कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. अशा राइडवर सुटण्याआधी डोकं मागे टेकवलेलं हवं. शेजाऱ्याशी बोलायला वळलेली मान सगळ्यात आधी दुखावते.

नवी राइड उघडली की लगेच जावं, की वर्षभर थांबावं?

सुरक्षिततेसाठी थांबायची गरज नाही, वेळेसाठी थांबा. सीडर पॉइंटचाच 'स्टील व्हेंजन्स' हा कोस्टर 2018 मध्ये पहिल्याच दिवशी परत येताना स्टेशनातल्या गाडीला टेकला आणि काही काळ एकाच गाडीवर चालला. 'टॉप थ्रिल 2' आठवडाभरात चाकांच्या कारणाने बंद पडला, तो पुढच्या वर्षीपर्यंत. तिथलाच 2025 चा 'सायरन्स कर्स' हा रूळच तिरका करून गाडी पुढच्या रुळाला जोडणारा. सुरुवातीच्या दिवसांत तो वारंवार त्या तिरक्या अवस्थेतच थांबला. दोन रुळांची टोकं कुलूपबंद झाल्याचा सेन्सरने निर्वाळा दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. हलणारा भाग जितका जास्त, तितके असे निर्वाळे जास्त.

रांगेचं गणित सोपं आहे. गाडीत 24 सीट आणि दर 90 सेकंदांना फेरी, तर तासाला 40 फेऱ्या, 960 माणसं. नवखे कर्मचारी 120 सेकंद घेतात, तेव्हा 720. म्हणजे दोन तासांची रांग दोन तास चाळीस मिनिटांची झाली. फलकावरची वेळ बघण्याऐवजी दोन फेऱ्यांमधले सेकंद मोजा, जास्त खरं उत्तर मिळेल.

डोळ्यांवर आभासी दृश्यं दाखवणारा चष्मा लावून कोस्टर, ही कल्पना का बारगळली?

2016 च्या सुमारास पुष्कळ पार्कनी ती करून पाहिली. प्रत्येक चष्मा पुसा, बांधा, तपासा, यात फेरीमागे मिनिटं गेली आणि वर सांगितलेलं गणितच कोसळलं. शिवाय चित्र आणि वळण यांत किंचित फरक पडला तरी मळमळतं. आम्हाला तिची उणीव भासत नाही.

पुढे बसावं की मागे?

उंच पहिल्या उतारासाठी शेवटचा डबा : पुढचे डबे आधीच खाली गेलेले असतात आणि तुम्हाला शिखरावरून खेचून नेतात, म्हणून सीटवरून उठल्यासारखं वाटतं. वारा आणि दृश्य हवं तर पहिली रांग. पाठ नाजूक असेल तर मधला डबा घ्या, आणि त्यातही चाकांच्या बरोबर वरची रांग टाळा. ती कोणती, हे फलाटावर उभं राहून गाडी येताना खाली वाकून पाहिलं की लगेच कळतं.