रोपं उगवून मान टाकतात? बी बदलू नका, आधी प्लॅस्टिक काढा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपायच्या आधी परत एकदा वाचली. तुम्ही लिहिलंय ते माझ्याकडं तीन वर्षांमागं जसंच्या तसं झालेलं. ट्रेमध्ये झेंडू, टोमॅटो, मिरची पेरली, पाचव्या दिवशी झेंडू वर आला, घरात सगळ्यांना बोलावून दाखवलात आणि नवव्या दिवशी सकाळी बघताय तर निम्मी रोपं आडवी. पानं अजून हिरवी, पण देठ मातीला टेकतंय तिथं दोऱ्यासारखा बारीक झालेला. दोन पॅकेटं बदलून झाली, आणि आता लोक तुम्हाला तिसऱ्या कंपनीचं नाव सांगायलेत. ते बी घेऊ नका, एवढं सांगायला हे लिहितोय. जे बी उगवून वर आलं त्यानं त्याचं काम केलं, पुढं जे झालं ते मातीत आणि पाण्यात झालंय.

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत जुलै कसा असतोय ते तुम्हा खानापूरच्या लोकांना काय सांगायचं, तुमच्याकडं तर आमच्यापेक्षा जास्त. आठ-आठ दिवस ऊन नाही, झिमझिम चालूच, दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही ओली लागतेय. अशा हवेत मी ट्रेवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवलेलं, कडेनं रबर बँड लावून, कारण व्हिडिओत सांगितलेलं की ओल टिकली पाहिजे. ते खोटं नाही, पण बी उगवेपर्यंतच. मी उगवल्यावरही ठेवलं, वर रोज संध्याकाळी तांब्यानं पाणी. सकाळी प्लॅस्टिक उचललं की आतल्या बाजूनं थेंब ओघळायचे आणि मला बरं वाटायचं की ओल चांगली आहे. एका सकाळी खाली वाकून नीट बघितलं तर मातीवर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी पसरलेलं, आणि त्या जाळ्याच्या मधली रोपं झोपलेली, कडेची उभी. दुसऱ्या दिवशी कडेचीपण गेली.

यालाच मर म्हणतात, इंग्रजीत डॅम्पिंग ऑफ. तो बुरशीमुळं होतोय, पिथियम आणि रायझोक्टोनिया ही त्या बुरशीतली नेहमीची दोन नावं. ही बुरशी बहुतेक वेळा मातीतच असतेय. माती थंड आणि सतत चिंब राहिली, रोपं दाटीनं असली, वारा नसला की तिला रान मोकळं. पिथियमचे बीजाणू तर पाण्यातून पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडं जातात, म्हणून तिथं गोल गोल ठिगळांसारखी रोपं पडतात. आणि हे लक्षात ठेवा, काही बी वर यायच्या आधीच मातीत कुजतंय. तिथंच माणूस फसतोय, ते उगवलंच नाही म्हणजे बी बोगस असं वाटतंय.

मलाही तसंच वाटलं आणि मी एका ऑफिसात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. पिशवीत मेलेली रोपं, ट्रेची माती, बियाचं पॅकेट सगळं घेऊन गेलो. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या माणसानं सांगितलं अर्जी कन्नडमध्ये लिहून आणा आणि जमिनीचा उतारा जोडा. मला कन्नड बोलता येतंय, लिहायला जमत नाही, ते शेजारच्यांकडून लिहून घेतलं, पण गच्चीवरच्या ट्रेला उतारा कुठला जोडायचा? तिसऱ्या खेपेला एकजण भेटला. त्यानं पिशवीची गाठसुद्धा सोडली नाही. वरून बघूनच म्हणाला, बी खराब आहे, दुसरं घ्या. मी ते खरं धरलं, कारण तो त्या खुर्चीवर बसलेला होता. त्या एका वाक्यापायी मी दोन पावसाळे बी बदलत राहिलो, चार वेळा पॅकेटं घेतली, गणपत गल्लीतल्या ज्या दुकानदाराकडून घेतलेलं त्याच्याशी भांडलो, आणि दसऱ्याला दारात लावायला घरचा झेंडू दोन्ही वर्षं मिळाला नाही. पैशाचं एवढं नाही. आईला घरच्या फुलांचं तोरण पाहिजे असायचं आणि त्यातल्या दुसऱ्या दसऱ्यानंतर ती राहिली नाही. आज लिहितानापण राग येतोय. पिशवी सोडून देठ बघायला त्याला एक मिनिट लागलं असतं. सगळी ऑफिसं अशी असतात असं म्हणत नाही हं, धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या मेळ्यात मला नीट उभं राहून समजावून सांगणारी माणसंपण भेटलीत. सप्टेंबरात असतोय तो, जमलं तर जाऊन या.

मला कळलं ते योगायोगानं. एक ट्रे पत्र्याच्या वळचणीला ठेवलेला, वाऱ्यानं त्याचं प्लॅस्टिक उडून गेलं आणि मी गावाला गेलेलो. आठ दिवसांनी आलो तर बाकीचे तीन ट्रे साफ आणि हा एक भरलेला, देठ जाड, खालून थोडे जांभळट. तेच पॅकेट, तीच माती, फक्त वर प्लॅस्टिक नाही आणि रोजचं पाणी नाही. मग त्याच पॅकेटातल्या उरलेल्या २० बिया ओल्या कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या, सहाव्या दिवशी १७ ना मोड. दुकानदाराची जाऊन माफी मागितली.

हे कागदाचं तुम्ही आजच करा, म्हणजे डोक्यातला संशय तरी जाईल. जुना सुती कपडापण चालतो, पिळून घ्यायचा, पाणी ठिबकलं नाही पाहिजे. आणि सगळ्याच बिया उगवतील असं धरू नका, सरकारी मापानंसुद्धा टोमॅटोला किमान ७० टक्के आणि मिरचीला ६० टक्के उगवण धरतात. मिरचीच्या २० तल्या १२-१३ आल्या तर ते बी चांगलंच. पॅकेटवर टेस्टची तारीख असतेय, तिथून नऊ महिने धरतात, ती बघून घ्या. मिरचीला घाईपण करू नका, आपल्याकडच्या पावसाळी गारठ्यात दोन-तीन आठवडे लागू शकतात.

आता तुमच्या ट्रेचं. पडलेली रोपं उठत नाहीत, मी हळद टाकली, दालचिनी टाकली, राख टाकली, एकपण उठलं नाही. पडलेली त्यांच्या मातीसकट चमच्यानं काढून लांब टाका, कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये नको. जी उभी आहेत त्यांचं प्लॅस्टिक आत्ता काढा. ट्रे वळचणीला ठेवा, उजेड आणि वारा मिळेल पण पागोळीचं पाणी अंगावर पडणार नाही असं. संध्याकाळचं पाणी बंद. वरची माती फिकट दिसायला लागली की सकाळी परातीत दोन बोटं पाणी घेऊन त्यात ट्रे दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, खालून पाणी ओढून घेतंय, मग उचलून निथळत ठेवायचा. दाटी असेल तर कात्रीनं कापून विरळ करा, उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

औषधाचं विचारलंत. मी काही त्यातला शिकलेला माणूस नाही, लेबल वाचून आणि हातमोजे घालूनच काय ते करा. उरलेल्या रोपांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाचं पाणी घालतात, मीपण एकदा घातलं, पसरायचं थांबलं. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, तो चांगला, पण तो आधी मातीत मिसळायचा, रोपं पडल्यावर टाकून फार काही होत नाही. माझं मत विचाराल तर दोन्हीपेक्षा वारा महत्त्वाचा.

मातीत मात्र हयगय करू नका. मी शहापूर शिवारातली काळी माती भरलेली, भाताला ती सोनं, पण ट्रेमध्ये तिची चिकट वडी होतेय आणि पाणी आतच बसतंय. अर्धवट कुजलेलं शेणखतही त्यात होतं. आता कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोनदा धुऊन, पिळून, त्यात चाळलेलं जुनं गांडूळखत, तीनाला एक. जुने ट्रे वापरणार असाल तर आधी साबणानं घासून घ्या. मातीच वापरायची तर एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक पातळ प्लॅस्टिकखाली उन्हात चार ते सहा आठवडे झाकून ठेवा, काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. जुलैत ते जमणार नाही, आत्ता थोडी माती लागली तर उकळतं पाणी ओतून पूर्ण गार झाल्यावर वापरा.

तुम्ही खाली गोकर्ण आणि पिटुनियाचंपण विचारलंय. गोकर्णाचं बी टणक, पॉलिश पेपरवर एका बाजूनं जरासं घासून रात्रभर पाण्यात ठेवा. पिटुनिया धुळीसारखं बारीक, चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरवा, मातीनं झाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतोय. कोथिंबिरीचे धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा, हे आमच्या आजीचं, अजून तसंच करतोय.

झेंडू परत पेरायचा तर जुलै संपायच्या आत पेरा, पेरल्यापासून फुलाला साधारण दोन-सव्वादोन महिने धरा, म्हणजे दसऱ्याला मिळेल. या वेळी सगळं एकाच ट्रेमध्ये नको, आठ दिवसांच्या फरकानं दोनदा पेरा. आणि पहिली मान मातीतून वर दिसली की प्लॅस्टिक त्याच दिवशी काढायचं, दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. उभ्या राहिलेल्या रोपांचा फोटो टाका, देठ जवळून दिसेल असा, बघून सांगतो.