मधुमेह नसताना किडनीच्या आजारासाठी डापाग्लिफ्लोझिन का देतात? ते साखरेचं औषध आहे ना?

हो, ते मुळात साखरेचंच औषध आहे, पण मधुमेह नसलेल्यांमध्येही ते किडनी निकामी होण्याचा वेग कमी करतं, म्हणून देतात. किडनीतल्या गाळण्यांवर पडणारा जादा दाब ते उतरवतं आणि हा फायदा रक्तातल्या साखरेवर अवलंबून नसतो. याचा भक्कम पुरावा 2020 च्या डापा-सीकेडी चाचणीतून मिळाला. तिच्यातल्या 4,304 रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता, तरी त्यांनाही फायदा झाला. एम्पाग्लिफ्लोझिन या त्याच गटातल्या औषधाच्या चाचणीतही पुढे तेच दिसलं आणि केडिगो या किडनीच्या आजारांसाठी मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या औषधांना ठळक जागा मिळाली. इतकी वर्षं आपल्या हाती रक्तदाबाच्या ठरावीक गोळ्यांपलीकडे फारसं काही नव्हतं, त्यामुळे हा बदल खरोखर मोठा आहे.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) थोडं वाढू शकतं. ते बहुतेकदा गाळण्यांवरचा दाब उतरल्यामुळे असतं, म्हणून रिपोर्ट पाहून घाबरून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. मात्र उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ती काही दिवस थांबवावी लागते. कधी थांबवायची हे आधीच विचारून ठेवा. आणि हे औषध सगळ्यांसाठी नाही: टाइप 1 मधुमेह किंवा किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्यांना डापा-सीकेडी चाचणीत घेतलंच नव्हतं.