मालवणच्या रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीवर) लेख लिहिला, पण सपाट वाटतो. भरपूर वाचल्याने लेखन सुधारेल का?

हो, सुधारेल, पण वेगवेगळ्या प्रकारचं वाचलंत तर. कथा-कादंबऱ्यांतून संवाद आणि वाक्याची लय कानात बसते. नेमकेपणा मात्र शिकावा जुन्या नोंदींकडून. 1880 चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर (इंग्रजीत आहे, तरी वाचाच) बंदरं, मासे, मीठ यांबद्दल इतकं बारकाईने सांगतं की आपल्या लेखातलं ‘निसर्गरम्य’ लगेच खुपायला लागतं. अशा वाचनाने नजर क्रियापदांकडे वळते. ‘मच्छीमारांनी जाळं टाकलं’ यात काहीच दिसत नाही. ‘दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धगोल घेत जाळं सोडत गेली, दुसरं टोक घेऊन परतली, मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागली’ असं लिहिलं की रापण दिसते.

नुसतं वाचून हे हातात उतरत नाही. त्यासाठी:

- आवडलेला आठ-दहा ओळींचा उतारा दोनदा वाचा आणि पुस्तक मिटा.
- दुसऱ्या दिवशी तो आठवून लिहा. लगेच लिहिलात तर शब्द पाठ असतात, घडण कळत नाही.
- मूळ उताऱ्याशी ताडून पाहा. मूळ लेखकाने काय गाळलं, तेही बघा.

एकाच लेखकाची पुस्तकं ओळीने वाचू नका, त्याचीच वाक्यं तुमच्या हातून उतरू लागतात. आणि रापणीचा तपशील पुस्तकांतून पुरा मिळणार नाही. तो दोर ओढणाऱ्या गाबित मच्छीमारांनाच विचारायला हवा.