देवाला खातं देऊ नका, मानकरी द्या

तुमच्या कादंबरीची पोस्ट दोनदा वाचली. कोरड्या पठारावरचं काल्पनिक राज्य, चौदा देव, चार युगं, देवांच्या भांडणातून पेटलेलं महायुद्ध, त्यानंतर सहाशे वर्षांची पडझड. इतकं सगळं वहीत तयार असून पहिलं प्रकरण जागचं हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. नकाशा, राजवंशांचा तक्ता, गावांची नावं यावर बोलत नाही, ते तुमचं नीट दिसतंय. थेट रोगावर येतो.

तुमच्या यादीत प्रत्येक देवासमोर चार रकाने आहेत: खातं (म्हणजे तो कशाचा देव), शस्त्र, वाहन, शत्रू. हे रकाने कुठून येतात तेही माहीत आहे. एका संस्थेच्या लेखन कार्यशाळेत अगदी हाच छापील तक्ता वाटतात. भरून दिला की शाबासकी, रिकामा ठेवला की ‘जग अपुरं’ असा शेरा. शंका विचारली तर कोणी धड उत्तर देत नाही, पुढचा तक्ता हातात ठेवतात. माझ्या लिखाणाचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं केलं असेल तर त्या कागदानं. पायाखाली तुळजापूर, माहूर, औंढा, पैठण, वेरूळ असताना इथल्या पोरांना ‘पावसाचा देव, युद्धाचा देव’ असले रकाने भरायला लावतात, याचा मला मनापासून राग येतो.

खात्यानं बिघडतं काय ते सांगतो. पावसाचा देव पाऊस पाडतो, रागावला की पाडत नाही. झालं, संपलं. माणूस त्यात फक्त हात जोडून उभा. मग इतिहास लिहायला घेतला की प्रत्येक घटनेचं कारण देवांचं भांडण होऊन बसतं. राज्य का बुडालं? अग्निदेव रागावला. नदी का आटली? जलदेवी रुसली. माणसांनी केलेलं असं काही उरतच नाही, आणि कादंबरी तर माणसांचीच लिहायची असते. तुमचं पहिलं प्रकरण इथं अडलंय, भाषेत नाही.

आता एका खऱ्या देवीकडे बघा. तुळजाभवानी वर्षातून तीनदा निद्रा घेते: शारदीय नवरात्राआधी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. हा पलंग आणि सीमोल्लंघनाची पालखी तुळजापुरातली नसते. दोन्ही नगरच्या बाजूनं मजल-दरमजल येतात आणि ती आणण्याचा मान ठरलेल्या मंडळींकडे असतो. पुजारी वेगळे, गोंधळी वेगळे, आराधी वेगळे. यात ‘ही कशाची देवी’ हा प्रश्न कुठं आला? तरीही कथेला लागणारं सगळं आलं. पलंग वाटेत पुरानं अडला तर देवी निजणार कशावर? ती झोपेत असताना राज्यावर चाल झाली तर तिला उठवायचा अधिकार कोणाचा? पलंग आणणाऱ्या घरात शेवटी एकटी मुलगी उरली तर? (हे प्रश्न काल्पनिक जगासाठी काढलेत. खऱ्या देवस्थानाच्या वादाशी त्यांचा संबंध जोडू नका, आणि खऱ्या देवीला नाव बदलून कादंबरीत घालू नका. रचना शिका, देव नवा घडवा.)

तर काम असं करा. चौदांपैकी तेरा देव वहीत बंद करा. एकच घ्या. समजायला सोपं जावं म्हणून मी तिला ओलाई म्हणतो: विहिरीच्या तळाशी राहणारी, साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांच्या, जातकुळीची. तिचं खातं लिहू नका. हक्क-मानाची यादी लिहा. पहिली ओटी कोणत्या घरची. पालखीचा पुढचा उजवा दांडा कोणाचा. बोकडाचं मुंडकं कोणाकडे जातं आणि चामडं कोणाकडे. नैवेद्याचं ताट कोणत्या चुलीवरून येतं. दागिन्यांची पेटी कोणाकडे, किल्ली कोणाकडे. ही दोन्ही एका घरात मुळीच ठेवू नका. बारा ते पंधरा मान पुरे होतात. त्यातले निदान दोन असे हवेत की ज्यांच्यावर दोन घराणी दावा सांगतात. आणि एक मान अशा घराचा हवा की ज्याला गाभाऱ्यात पाऊल टाकू देत नाहीत, पण त्यानं हलगीवर टिपरू टाकल्याशिवाय पूजाच सुरू होत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या जत्रेत हे डोळे उघडे ठेवून बघा, मला जास्त सांगावं लागणार नाही.

यादी झाली की हिशेब करा. बहुतेक जण इथं कंटाळतात, आणि खरा माल इथंच आहे. ओलाईच्या देवळाला वीस एकर कोरडवाहू जमीन आहे असं धरा. रब्बी ज्वारी एकरी चार क्विंटल, म्हणजे ऐंशी क्विंटल. अर्धा वाटा कसणाऱ्याचा. देवळाकडे उरली चाळीस. माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं तर वर्षाला पावणेदोन-दोन क्विंटल लागतं. म्हणजे ओलाई सालभर वीस-बावीस तोंडं पोसते: पुजारी, गुरव, वाजंत्री, झाडणारी बाई, त्यांची पोरं. आता एक वर्ष पाऊस दगा देतो आणि पीक पाव हिश्श्यावर येतं. देवळाकडे दहा क्विंटल, पाच-सहा माणसांपुरती. बाकीच्या पंधरा-सोळा जणांपैकी पहिला कोणाचा वाटा तुटतो? हलगीवाल्याचाच तुटणार. त्यानं हलगी खाली ठेवली की पूजा थांबली. पूजा थांबली आणि योगायोगानं दुसऱ्या वर्षीही पाऊस आला नाही, तर गाव म्हणणार ओलाई कोपली. हा तुमच्या इतिहासातला पहिला देवकोप. देवीनं काही केलं की नाही हे लेखकानं सांगायचीही गरज नाही. ती खरोखर जागी आहे की नाही हा प्रश्न कादंबरीभर ताणता येतो, आणि ताणावाच असं माझं मत आहे. जादू खुलेआम चालणारं जग असेल तरीसुद्धा.

आकडे तुमच्या जगाप्रमाणे बदला, पण पीक फुगवू नका. एकरी वीस क्विंटल ज्वारी आणि वर दुष्काळी पठार, असं लिहिलंत तर शेतकऱ्याच्या घरातला वाचक पुस्तक तिथंच मिटेल.

आता सहाशे वर्षांचा इतिहास. युद्धांची यादी कमी करा. सत्ता बदलली की देवाच्या जमिनीचं काय झालं, एवढा एकच दोरा धरून सगळी सहाशे वर्षं ओवता येतात. मराठवाड्यावर सातवाहनांपासून राष्ट्रकूट, चालुक्य, यादव, खिलजी-तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, १७२४ पासून हैदराबादचे निजाम, १९४८ नंतर भारतीय संघराज्य, १९५६ ला द्विभाषिक मुंबई, १९६० ला महाराष्ट्र, इतक्या सत्ता येऊन गेल्या. गावच्या देवस्थानाला प्रत्येक बदलात एकच प्रश्न पडतो: जुनी सनद नवा धनी मानतो का? निजामाच्या राज्यात देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनीला खिदमतमाश म्हणत. हक्क ठरला की त्याचा मुंतखब, म्हणजे हक्काचा दाखला, निघे. राज्य गेल्यावर १९५२ चा अतियात (म्हणजे सरकारनं दिलेली इनामं-देणग्या) चौकशीचा कायदा आला, १९५४ चा इनामं रद्द करणारा कायदा आला, आणि ते शब्द आजही तहसिलात ऐकू येतात. (मी वकील नाही. स्वतःच्या इनामी जमिनीसाठी या उत्तरावर विसंबू नका, जाणकाराला कागद दाखवा.)

तुमच्या जगात नव्या राजाला तीनच वाटा द्या: जुनी सनद तशीच चालू ठेवणं, सनद मोडणं, किंवा ‘मूळ कागद दाखवा’ म्हणणं. तिसरी सगळ्यात क्रूर, कारण कागद जळलेले असतात, किंवा अशा लिपीत असतात की वाचणारं एकच घर उरलंय. त्या घराला आपोआप सत्ता मिळते. खोटा ताम्रपट तयार होतो. गावाच्या शिवेवर दानाचा दगड असतो, त्यावर चंद्र-सूर्य आणि खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेली. आपल्याकडे अशा दगडाला गद्धेगळ म्हणतात. तो दगड रातोरात चाळीस पावलं सरकवला तर किती एकर इकडचे तिकडे होतात, हा हिशेब घाला. तुमच्या महायुद्धापेक्षा यात जास्त जोर आहे.

देवकथा घडवायची पद्धतही उलटी करा. आधी कथा आणि मग देऊळ, असं करू नका. आधी देवळात एक खोड ठेवा. औंढा नागनाथला नंदी समोर नाही, मागच्या बाजूला आहे. लोक सांगतात की नामदेवांना कीर्तन करायला मागं पाठवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं. वेरूळच्या पंधराव्या लेण्याची बांधणी विहारासारखी आहे. ते आधी बौद्ध लेणं होतं असं अभ्यासक मानतात, आज तिथं दशावतार कोरलेत आणि राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. दगडातली खोड एक, तिची स्पष्टीकरणं दोन-तीन, आणि प्रत्येक स्पष्टीकरणानं कोणाचा तरी मान वाढतो. ओलाईच्या देवळाचं दार विहिरीकडे पाठ करून आहे असं ठेवा. पुजाऱ्याचं माहात्म्य एक कारण सांगेल, हलगीवाल्याच्या घरचं गाणं दुसरं, राजाचा लेख तिसरं. तिन्ही पानभर लिहून काढा. खरं कोणतं ते ठरवा, पण पुस्तकात छापू नका. तुमच्या वहीतला ‘खरा इतिहास’ वाचकाला जसाच्या तसा देणं म्हणजे या तिघांच्याही तोंडातला घास काढून घेणं.

सालांबद्दल. चार युगांची एकच सरळ कालगणना ठेवलीत, तीही मोडा. १७ सप्टेंबर १९४८, हैदराबादची शरणागती: शके १८७०, हिजरी १३६७, फसली (महसुलाचं साल) १३५७. एकाच मातीत एकाच दिवसाची चार सालं. तुमच्या जगाला दोन पुरेत, देवळाचं एक आणि दरबाराचं एक. फरक मात्र काटेकोर पाळा, कारण वर्षाची सुरुवात वेगळ्या महिन्यात झाली की फरक वर्षभर सारखा राहत नाही. शकात एरवी ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढचं फसली साल लागेपर्यंत ५९१. या एका वर्षाच्या घोळावर वारसाहक्काचा आख्खा खटला उभा करता येतो. पण आपणच आपल्या जगात असा घोळ न कळत केला तर वाचक पकडतात. अंतराचा तक्ता भिंतीवर लावून ठेवा.

आणि साधी माणसं यातलं कुठलंच साल वापरत नाहीत. आपली म्हातारी माणसं ‘रझाकाराच्या वेळी’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असंच सांगतात. तुमच्या पात्रांनाही तसंच बोलू द्या. त्यांच्या तोंडी ‘द्वितीय युगाच्या ४१२ व्या वर्षी’ आलं की कादंबरीचा शाळेतला धडा होतो.

दोन बारक्या गोष्टी, विषय थोडा सोडून. पालखी खांद्यावर असेल तर दिवसाला चार-पाच कोसांच्या वर नेऊ नका, म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर. वाटेत प्रत्येक गावाला ओवाळायचं असतं, शिवाय खांदेकरी बदलायचे असतात. तुमच्या नकाशावर राजधानी ते देवस्थान साठ कोस आहे, तेव्हा पंधरवडा धरा, पावसाळ्यात तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत पालखीला मुक्काम देणारी गावं कोणती, हाही मानच. दुसरं, शपथा आणि शिव्या देवांच्या नावानं घडवा. गाव कोणाची शपथ खोटी घेत नाही, त्यावरून कोणाची भीती जास्त ते कळतं.

हे सगळं कादंबरी डोळ्यांसमोर ठेवून सांगतोय. खेळासाठी किंवा चित्रमालिकेसाठी जग करत असाल तर खात्यांचा तक्ता कदाचित चालेल, तिथं झटपट ओळख लागते. बाकीच्यांचं मत वेगळं असू शकतं, पण कादंबरीपुरता मी यावर ठाम आहे.

महायुद्ध टाकून देऊ नका, ते मागं सरकवा. पहिलं प्रकरण त्या वर्षी सुरू करा ज्या वर्षी दहा क्विंटल ज्वारी आली आणि वाटप करायला पंच पारावर बसले. चौदा देवांतला कोणता निवडला आणि त्याचे पंधरा मान कोणते, तेवढं इथं खाली टाका. दुहेरी दाव्याचे दोन मान ठळक करा. उरलेल्या तेरा देवांपैकी कोणते ठेवायचे ते त्या यादीवरून बघता येईल. माझा अंदाज, चार-पाचच टिकतील.